ओहोटीला गाडी निघत नाही

रत्नागिरीच्या डांबरी रस्त्यावर बोट चालवणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. आतोबा उभा जन्म मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात होते. निवृत्त होऊन भाट्याच्या खाडीवरच्या आपल्या घरी परतले, ते येताना मुंबईहून एक पांढरी गाडी घेऊन आले. पुढे लांब नाक, मागे ऐसपैस डिकी, आत पाच माणसं आणि त्यांचे फणस आरामात मावतील अशी. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, चला, आतोबांनी उतारवयात हौस केली. पण ती गाडी आहे हा समज फक्त शेजाऱ्यांचा. आतोबांच्या लेखी ती बोट होती आणि तिला चार चाकं लावली हा कारखानदाराचा गैरसमज होता.

आता बोट म्हटली की ती ओहोटीला बंदर सोडत नाही. आतोबांची गाडी वीस-बावीस वर्षांत कधी ओहोटीला फाटकाबाहेर पडलेली नाही. मग बाहेर कोणाचं लग्न असो, बारसं असो, नाहीतर कोणाची मुंबईची गाडी चुकत असो. पंचांगातली तिथी नुसती कानावर पडली की हे बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवणार, वर आढ्याकडे बघणार आणि सांगणार, "जेवून निघू. आत्ता पाणी उतरतंय." माझ्या लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून त्यांच्या गाडीत मागे बसलो होतो आणि हे व्हरांड्यात आरामखुर्चीत चहा पीत होते. माझी आई रडकुंडीला आली, म्हणाली, "अहो, मुहूर्त टळेल!" त्यावर हा महापुरुष म्हणतो, "वहिनी, मुहूर्त भटजी काढतो, भरती चंद्र काढतो. दोघांत मोठा कोण?" मी मुंडावळ्यांसकट रिक्षात बसून गेलो. आतोबा आले ते बरोबर पंगतीला, भरतीच्या पाण्याबरोबर, अगदी प्रसन्न चेहऱ्याने. आणि त्यांनी आणलेला आहेर बघून आईचा राग कुठल्या कुठे गेला.

एवढ्यावर भागतं तरी बरं होतं. पण मिरकरवाड्याच्या बंदरात पावसाळा तोंडावर आला की होड्या वर ओढतात आणि शाकारून ठेवतात, हे आतोबांनी लहानपणापासून पाहिलेलं. तेव्हा मृगाच्या आधी त्यांची गाडीही अंगणात विटांवर चढायची, तिच्यावर नारळाच्या विणलेल्या झापांचं छप्पर पडायचं, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. म्हणजे ज्या ऋतूत माणसाला डोक्यावर छप्पर असलेलं वाहन लागतं, नेमकी त्या ऋतूत आमच्या घराण्यातली एकमेव चारचाकी छपराखाली झोपलेली! एका श्रावणात आत्या शेवाळावरून घसरली, पाय सुजून भोपळा झाला, तरी तिला इस्पितळात नेलं ते रिक्षातून, आणि रिक्षा गाडीला वळसा घालून बाहेर काढली. आत्या कण्हत कण्हत म्हणाली, "शिरा पडो त्या बोटीवर!" आतोबा शेजारी बसून तिच्या पायावर ओला टॉवेल ठेवत होते. म्हणाले, "अगो, आषाढ-श्रावणात कुठली होडी पाण्यात असते? एक दाखव मला." आणि गंमत म्हणजे वेदनेतही आत्याने थोडा विचार केला आणि तिला एकही आठवली नाही.

आमच्या हवेत लोखंड टिकत नाही, हे सांगायला नको. खारं वारं खिडकीचे गज खातं, कड्याकोयंडे खातं, मग गाडीचा पत्रा म्हणजे त्याला फरसाणच. नव्या कोऱ्या गाड्या इथे पाचव्या वर्षी खालून जाळीदार होतात. आतोबांच्या गाडीला गंजाचा एक ठिपका नाही. याचं रहस्य ऐका. जुन्या लाकडी होड्यांना तळाला माशाचं तेल चोपडतात, ते तेल ते दर वर्षी गाडीच्या पोटाला दोन हात चोपडत. गंज आला नाही, पण मांजरं आली. गाडी बाहेर पडली की आळीतली मांजरं फाटकापर्यंत पोचवायला येत आणि परतली की सामोरी जात. गणपतीपुळ्याला एकदा आम्ही दर्शन घेऊन गाडीतळावर आलो, तर टपावर, बॉनेटवर, चाकांपाशी सगळीकडे मांजरंच मांजरं, आणि पर्यटक आपली पोरंबाळं पुढे उभी करून फोटो काढतायत. कोणीतरी भाविकपणे बॉनेटवर फूलही वाहिलं होतं! आतोबांनी शांतपणे फूल उचलून कानामागे लावलं, एकेका मांजराला उतरवलं आणि गाडी काढली. माझी बायको त्या दिवशी पदराने नाक दाबून बसली होती. पण मी खाली वाकून त्या गाडीचं पोट पाहिलेलं आहे. आरशासारखं आहे हो! हसावं की हात जोडावेत, ते कळत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत तर हात जोडण्यावाचून इलाजच नाही. आतोबांकडे हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर आहे. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग इंजिन त्यांना सगळं सांगतं. पाण्याचा पंप थकलाय, एक व्हॉल्व्ह आळशीपणा करतोय, एक बेअरिंग दिवाळीनंतर जाणार. दिवाळीनंतर ते जातंच. या यंत्राने त्यांनी माझी स्कूटर तपासली, आत्याचा मिक्सर तपासला, आणि जेवणानंतर पोट धरून बसलेल्या माझ्या सासऱ्यांच्या पोटावर मूठ टेकवून, टोकाकडून नव्हे एवढी तरी कृपा, "सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय, पादेलोण द्या," असं निदान केलं. सासरे अजून त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात.

पण मी खरा गार झालो तो आरे-वारेच्या चढणीवर. गणपतीपुळ्याहून परत येत होतो. मागे आम्ही काजूगर खात बडबडत होतो, आणि आत्या पुढच्या सीटवरून म्हणाली, "आज हे गप्प कसे?" चढ आला, गेला, उतार आला, समोरून वाळूचा ट्रक आला, एक म्हैस आडवी आली. गाडी कुठे थांबली नाही, कुठे दचकली नाही, लोण्यातून सुरी जावी तशी घरच्या फाटकात आली. आतोबा उतरले, तांब्याभर पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "क्लचची वायर आऱ्याच्या चढावर तुटली." क्लचशिवाय! नुसत्या इंजिनाच्या आवाजावर गिअर पाडत त्यांनी तो सगळा रस्ता काढला होता, आणि आम्ही मागे काजूगरांवरून भांडत होतो. मी म्हटलं, "आतोबा, सांगायचं तरी!" तर म्हणाले, "प्रवाशांना सांगत नाहीत. प्रवासी एका बाजूला धावतात आणि बोट कलते."

आता त्यांच्या रविवारांविषयी सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. दर रविवारी भरती बघून आतोबा आणि आत्या बंदर करायला निघत. आमची जवळपासची सगळी गावं आतोबांनी जगाच्या नकाशावर नेऊन ठेवली होती. गणपतीपुळे म्हणजे कोलंबो. पूर्णगड म्हणजे सिंगापूर. दाभोळ म्हणजे रॉटरडॅम, लांबचं बंदर, वर्षातून एखाद्या वेळी, कारण वाटेत गाडी फेरीबोटीवर चढवावी लागे आणि आपली बोट दुसऱ्याच्या बोटीवर चढवणं त्यांना कमीपणाचं वाटे. पूर्णगडची खाडी दिसली की लांबलचक एक हॉर्न, आणि मग आत्याला सांगायला सुरुवात. "ते बघ, तिकडे उंच इमारती. ही क्रेन. हे चिनी लोक नूडल्स विकतायत." समोर माडांची रांग आणि वाळत टाकलेली जाळी. आत्या म्हणायची, "होय हो, दिसल्या." धक्क्यापाशी गाडी थांबली की आत्या एकटीच उतरायची, पाण्यापर्यंत चालत जायची, चार बायकांशी बोलायची, ताजे मासे घ्यायची. आणि आतोबा? ते बॉनेट उघडून ऑईल बघत उभे राहायचे. कधी म्हणून गाडीपासून हलले नाहीत. आम्ही यावरून त्यांची किती थट्टा केली असेल! सिंगापूरला जाऊन इंजिन बघून परत येणारे एकमेव प्रवासी, असं मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे.

मग गेल्या उन्हाळ्याआधी, गाडी आत घेताना त्यांनी ती आपल्याच फाटकाशेजारच्या कुंपणाला, चिऱ्याच्या गडग्याला घासली. एवढ्या वर्षांत गाडीला पहिला ओरखडा. आतोबा उतरले, डाव्या दारावरून बोट फिरवलं आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल. रिक्षाने." काचबिंदू निघाला. समोरचं थोडंफार दिसतं, बाजूचं गेलं, आणि गेलेलं परत येत नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याला दीपगृह दिसत नाही त्याने सुकाणूला हात लावू नये. गाडी विकायची."

मुंबईला असलेला त्यांचा मुलगा दहा वर्षं 'ते डबडं विका, विका' म्हणत होता, तोसुद्धा फोनवर म्हणाला, "एवढी घाई काय आहे?" आत्याने तर जन्मभर त्या गाडीला शिव्या घातलेल्या. वास, मांजरं, ती भरती-ओहोटी, सगळ्याचा तिला वीट आलेला. आम्हाला वाटलं, ही साखर वाटेल. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि विळी घेऊन नारळ खोवायला बसली. ते खोबरं आम्हाला दोन दिवस पुरलं.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. कोल्हापूरकडचे एक गृहस्थ बदली होऊन इथल्या सरकारी कचेरीत आले होते, त्यांना जुन्या गाड्यांचं भयंकर वेड. इंजिन ऐकलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "नाद खुळा! काका, ही गाडी हाय का सोनं?" आतोबांनी मात्र सोन्याची सगळी खोट काढून दाखवली. रिव्हर्स विनवणी केल्याशिवाय पडत नाही, उजवी मागची काच वर जाते पण मनाला येईल तेव्हा खाली येते, हा ओरखडा माझ्या डोळ्यांचा आहे, गाडीचा नाही. मुलगी दाखवताना लोक बापाचं कर्ज लपवतात, आणि हा माणूस तिचा शिंकण्याचा आवाजही वर्णन करून सांगत होता. कोल्हापूरकर आणखीच भाळले. "मांजरांसकट नेतो," म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी गाडी न्यायचं ठरलं.

रविवारी ते झेंडूचा हार, नारळ, पेढे असं सगळं घेऊन हजर. मीही गेलो होतो. आतोबा धुतलेलं धोतर नेसून व्हरांड्यात बसले होते, किल्ली हातात. तेवढ्यात आत्या बाहेर आली, पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आज नाही जमायचं. ओहोटी लागलीय."

"म्हंजे?" कोल्हापूरकर म्हणाले.

"ओहोटीला आमच्याकडे गाडी निघत नाही. यांना विचारा हवं तर."

आता त्यांच्या व्हरांड्यातून माडांच्या मधून भाट्याची खाडी दिसते. पाणी चढत होतं. अगदी लख्ख चढत होतं, वाळूचा पट्टा डोळ्यांदेखत बुडत होता, पुलाखालून होड्या आत येत होत्या. मी आत्याकडे पाहिलं, मग आतोबांकडे. त्यांना पाणी दिसत नसेल, पण तिथी तर माहीत होती! झोपेतून उठवून विचारलं तरी ज्यांनी भरतीची वेळ चुकवली नाही, माझं लग्न ज्यांनी त्यापायी रिक्षात घातलं, ते आतोबा खाली मान घालून पेरांवर अंगठा फिरवत राहिले. मग किल्ली धोतराच्या सोग्याने पुसत पुटपुटले, "होय. ओहोटी आहे." समुद्राविषयी ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले, ते असं.

कोल्हापूरकर बिचारे पेढे ठेवून गेले. मी आत्यामागोमाग स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "अगं आत्या, हा काय खुळेपणा? पाणी चढतंय की!"

"मला काय डोळे नाहीत?" ती म्हणाली. चुलीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. "तुम्ही सगळे हसता त्यांना. पण उभा जन्म बोटीच्या पोटात काढलाय रे त्यांनी. तिथे खिडकी नसते. वर सिंगापूर आलंय की रॉटरडॅम ते घंटेवरून कळायचं. बाकीचे उतरायचे, फिरायचे, हे खाली इंजिनापाशी. मला पत्रात लिहायचे, आज अमुक बंदर बघितलं. कुठलं बघितलं मेलं! या गाडीत बसले तेव्हा पहिल्यांदा ह्यांना काचेतून पुढचं दिसलं. तीही गाडी काढून घेऊ? परत पोटातच घालू त्यांना?" आणि मग डोळे पुसून म्हणाली, "वाईच आंबोळ्या खाऊन जा."

मी आंबोळ्या खाल्ल्या.

पुढच्या रविवारी कोल्हापूरकर पुन्हा आले. पुन्हा ओहोटी. त्याच्या पुढच्या रविवारी ते मोबाईलवर भरतीचं वेळापत्रकच काढून घेऊन आले. "मावशी, ह्यात तर भरती दावतंय वो." आत्याने मोबाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ती मुंबईची असेल," म्हणाली. कोल्हापूरकरांनी खाडीकडे पाहिलं, काठोकाठ भरली होती. मग आत्याकडे पाहिलं, आतोबांच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, आणि भला माणूस तो, त्याच्या लक्षात आलं. त्याने आणलेला हार गाडीच्याच नाकावर घातला. "मावशी, विकायची न्हाई असं सरळ सांगायचं की!" "मी कुठे नाही म्हणते?" आत्या म्हणाली. "ओहोटी आहे, त्याला मी काय करू?" तेव्हापासून ते रविवारी आंबोळ्या खायला येतात आणि जाताना खाडीकडे बघून न चुकता विचारतात, "मावशी, आज तरी?"

मग मृग तोंडावर आला आणि गाडी विटांवर चढली, झापांखाली गेली. त्या वर्षी पोटाला तेल मी लावलं, कारण आतोबांना वाकून दिसेना. अंगाचा वास चार दिवस गेला नाही आणि ऑफिसपर्यंत एक मांजर माझ्या मागे आलं. श्रावण सुरू झाल्यावर आत्याचा निरोप आला, नारळी पौर्णिमेला ये आणि लायसन घेऊन ये.

गेलो. आतोबांनी आधी माझी परीक्षा घेतली. तो हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला, इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "काय ऐकू येतं?" मी मूठ कानाला लावली. मला घरघर ऐकू आली, दुसरं काय येणार? तसं सांगितलं. त्यांनी सुस्कारा टाकला. "शिकशील," म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. नारळ फुटला, भरती लागली, मांजरं फाटकापर्यंत आली. आतोबा सवयीने उजव्या दाराशी गेले, थबकले, आणि मग मागचं दार चाचपून आत्याशेजारी बसले. "चल, सुकाणी," म्हणाले. जहाजावर चाक धरणाऱ्याला सुकाणी म्हणतात. एवढा मान मला आजवर कोणी दिलेला नाही.

भाट्याचा पूल ओलांडला, पावस गेलं. आतोबा आरशात दिसायचे, मान सरळ, दिसतंय तेवढं समोर बघत. पूर्णगडची खाडी आली तशी आत्या एकदम सावरून बसली.

"अहो, सिंगापूर लागलं."

आतोबांनी विचारलं, "गर्दी आहे?"

"मेली ही गर्दी! उभं राहायला जागा नाही. या बाजूला उंच इमारती. ती क्रेन बघा केवढी! चिनी नूडल्सवाले तर ओरडून कान किटवतायत."

"आणि बोट? मोठी बोट लागलीय?"

"लागलीय तर. पांढरी आहे, आपल्यासारखी."

समोर धक्क्यावर एक कोळीण टोपली सावरत बसली होती, आणि दोन मांजरं आमच्या गाडीचा वास घेत उठून उभी राहिली होती. मी लांबलचक हॉर्न दिला. डोळ्यांसमोरचा रस्ता मला नीट दिसेना, तरी धक्क्यापाशी गाडी लावली. आत्या उतरली. मी बॉनेटची कळ ओढायला वाकलो, कारण आता आतोबा ऑईल बघणार. पण मागचं दुसरं दारही उघडलं.

"अगो," आतोबा म्हणाले, "हात दे वाईच. या खेपेला मी पण उतरतो."

दोघं हात धरून पाण्याकडे चालत गेली, मांजरं बाजूला सरली. माझं काय? मी बॉनेट उघडलं आणि ऑईल बघत उभा राहिलो. इंजिनापाशी कोणीतरी थांबायला हवंच ना.